दाढदुखीवर अ‍ॅक्युपंक्चर: या चुका टाळा

दाढेच्या ठणक्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा उपयोग होतो, हे मी स्वतःच्या अनुभवावरून ठामपणे सांगतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९७ साली भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेनेही दंतशस्त्रक्रियेनंतरच्या वेदनेवरील त्याची परिणामकारकता मान्य केली होती. तरीही ठणका थांबला म्हणजे दात बरा झाला, ही समजूत मला पुन्हा पुन्हा आढळते आणि तिच्याइतकी घातक चूक दुसरी नाही.

खालची दाढ किडलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. सुया लावल्यावर अर्ध्या तासात त्यांचा ठणका उतरला. दंतवैद्याकडे जाण्यास मी बजावले, पण ते गेले नाहीत. चार दिवसांनी ते पुन्हा आले, तेव्हा त्यांची अवस्था पाहून मी काही न विचारता सुया लावल्या, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. पुढे वेदना आपोआप नाहीशी झाली, म्हणून ते निर्धास्त राहिले. वास्तविक दाढेच्या आतील नस मेली होती आणि जंतुसंसर्ग मुळांच्या टोकापर्यंत उतरला होता. आठवड्याभरात जबडा सुजला, तोंडात दोन बोटेही जाईनात, आणि त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. तेव्हापासून दंतवैद्याने तपासल्याशिवाय मी कोणालाही दुसऱ्यांदा सुई लावत नाही, मग रुग्ण कितीही नाराज होवो.

दुसरी चूक उतावळेपणाची आहे. नवशिके हेगू हा हातावरचा सुई लावण्याचा बिंदू अंगठा आणि तर्जनी यांमधल्या पातळ कातडीत शोधतात. अंगठा तर्जनीला चिकटवल्यावर जो स्नायू फुगतो, त्याच्या उंचवट्यावर तो असतो. तिथे जडपणा, झिणझिण्या किंवा ओढ जाणवेपर्यंत सुई हलक्या हाताने फिरवावी लागते, आणि मग ती वीस ते तीस मिनिटे राहू द्यावी लागते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, दाताला विजेने वेदना देऊन याच बिंदूवर सुई चालवली असता वेदना सोसण्याची मर्यादा वाढली आणि अफूसारख्या वेदनाशामकांचा परिणाम रोखणारे नॅलोक्सोन हे औषध टोचताच तो परिणाम ओसरला. यावरून शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये यात काम करतात, असा अर्थ लावला गेला. ती द्रव्ये स्रवायला वेळ हवा. पाच मिनिटांत सुई काढून ‘गुण येत नाही’ म्हणणाऱ्यांविषयी मला सहानुभूती वाटत नाही.

सुजलेल्या गालात सुई कधीही खुपसू नये; अशा वेळी मी हातापायांवरील बिंदूंवरच काम करतो. गरोदरपणात हेगू परंपरेने वर्ज्य मानला जातो आणि मीही तो टाळतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे आधी विचारावे. सुई निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असावी. उपाशीपोटी खुर्चीत बसलेल्या रुग्णाला भोवळ येऊ शकते, म्हणून मी सर्वांना आडवेच झोपवतो.

घरच्या घरी स्वतःला सुई टोचण्याचा मोह तर मुळीच नको. दंतवैद्याची वेळ मिळेपर्यंत हेगूवर अंगठ्याने दाब द्यावा, परंतु ताप आला, गिळताना त्रास होऊ लागला किंवा सूज गळ्याकडे सरकली, तर तेही सोडून थेट रुग्णालय गाठावे.