यूएसबीतून आय-टू-सी: एमसीपी२२२१ए चिप जोडायची आणि बसवायची कशी

निपाणीतल्या एका मित्राला त्याच्या तंबाखूच्या वखारीतला दमटपणा रोज नोंदवून ठेवायचा होता. पाला फार वाळला की हात लावताच चुरा होतो, ओल धरली की बुरशी येते. सेन्सर माझ्याकडे पडून होता. दिवाणजींच्या टेबलावर जुना लॅपटॉपही होता. अडचण एकच, दोघांची भाषा वेगळी.

सेन्सर बोलतो आय-टू-सी. फिलिप्सने १९८२ साली काढलेली ही दोन तारांची पद्धत आहे. एससीएल या तारेवर ठोका पडतो आणि त्या ठोक्यावर एसडीएवरून एकेक बिट जातो. लॅपटॉपला कळतं फक्त यूएसबी. मधे बसते ती ब्रिज चिप. मी मायक्रोचिपची एमसीपी२२२१ए वापरतो. तयार बोर्डावर मिळते, डाग द्यायची फारशी गरज पडत नाही.

बेळगावात कचेरीबाहेर कन्नडमध्ये अर्ज लिहून देणारे बसतात, तसंच हिचं काम. तुम्ही मराठीत सांगायचं, तो साहेबाला चालेल अशा नमुन्यात उतरवून देणार. पण मागायचं काय, ते तुम्हालाच ठाऊक पाहिजे. लॅपटॉप ६४ बाइटचं एक पाकीट पाठवतो: अमुक पत्त्यावर हे दोन बाइट लिही. ठोके देणं, पलीकडून होकार आला का ते बघणं, हे सगळं चिप करते. त्या बाइटचा अर्थ मात्र तिला कळत नाही.

आधी ओळख पटवा

बोर्ड लावा आणि विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा. इथेच बहुतेकजण फसतात, कारण एकाच चिपची दोन रूपं दिसतात. एक कॉम पोर्ट, तो साध्या सीरियलसाठी म्हणजे यूएआरटीसाठी. दुसरं एचआयडी, कीबोर्ड-माऊसच्या वर्गातलं. आय-टू-सी या दुसऱ्या दारातून चालतं. कॉम पोर्ट उघडून सेन्सर शोधत बसाल तर जन्मात सापडणार नाही. खात्री करायची तर व्हेंडर क्रमांक ०४डी८ आणि प्रॉडक्ट क्रमांक ००डीडी बघा. विंडोज १० ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

चार तारा, दोन रेझिस्टर

ग्राउंड, ३.३ व्होल्ट, एसडीए, एससीएल. आय-टू-सीवर कुणीच तार वर ढकलत नाही, सगळे फक्त खाली ओढतात. वर न्यायचं काम पुल-अप रेझिस्टरचं. एसडीए आणि एससीएल दोन्हींवरून ३.३ व्होल्टला ४.७ किलोओहमचा एकेक लावा. पट्टे पिवळा, जांभळा, लाल. पुष्कळ सेन्सर बोर्डांवर ते आधीच असतात, म्हणून मीटर लावून बघा. काही चालू नसताना दोन्ही तारांवर ३.३ च्या आसपास दिसलं पाहिजे. तसं दिसत नसेल तर प्रोग्रॅम उघडूच नका, आधी तारा तपासा.

पत्ता शोधा, मग बोला

मायक्रोचिपची एमसीपी२२२१ युटिलिटी घ्या, नाहीतर पायथॉनमधली ईझी-एमसीपी-२२२१ लायब्ररी. वेग १०० किलोहर्ट्झ ठेवा. चिप ४०० पर्यंत जाते, पण वखारीतला दमटपणा काही पळत नाही.

माझा सेन्सर एसएचटी३१. पत्ता, म्हणजे तारेवर त्याला हाक मारायचा क्रमांक, हेक्समध्ये (सोळाच्या पटीतल्या आकड्यांत) ४४. त्याची पत्त्याची पिन ३.३ व्होल्टला बांधली तर ४५. कुठे ८८ किंवा ८९ लिहिलेलं दिसलं तर गोंधळू नका, तोच पत्ता, शेवटी वाचा-लिहाचा बिट धरून लिहिलेला.

आता ४४ वर २४ आणि ०० हे दोन बाइट लिहा (हेही हेक्समधलेच, सेन्सरला मोजायला सांगणारे), १५-२० मिलिसेकंद थांबा, मग ६ बाइट वाचा. पहिले दोन तापमानाचे, तिसरा तपासणीचा, पुढचे दोन दमटपणाचे, सहावा पुन्हा तपासणीचा. समजा तापमानाचे ६६ ६६ आले. दशमानात २६२१४. त्याला ६५५३५ ने भागा, १७५ ने गुणा, ४५ वजा करा: बरोबर २५ अंश. दमटपणाचे बी३ ३३ आले तर ४५८७५, भागिले ६५५३५, गुणिले १००: ७० टक्के.

सेटिंग कायम करताना जपून

चिपच्या जीपी० ते जीपी३ या चार पिना हव्या तशा वापरता येतात: दिव्यासाठी, साध्या इनपुट-आउटपुटसाठी, शेवटच्या तीन १० बिटांच्या एडीसीसाठी, म्हणजे व्होल्टेज आकड्यात मोजण्यासाठीसुद्धा. नुसता बदल केला तर तो तात्पुरत्या मेमरीत राहतो, बोर्ड काढला की गेला. फ्लॅशमध्ये, म्हणजे चिपच्या कायमच्या मेमरीत लिहिलं तरच टिकतो आणि पुढच्या वेळी बोर्ड लावल्यावर लागू होतो. तिथेच व्हेंडर-प्रॉडक्ट क्रमांकही बदलता येतात; बदलू नका, तुमचाच प्रोग्रॅम चिपला ओळखणार नाही. संरक्षणाच्या पर्यायात पासवर्ड आहे आणि कायमचं कुलूपही आहे. त्या कुलपाला किल्ली नाही.

लांबीचा घोळ

बेळगावात उद्यमबागेतल्या माझ्या टेबलावर सगळं छान चाललं. निपाणीत सेन्सर छताजवळ, लॅपटॉप खाली, म्हणून मी आठ मीटर लॅनची तार आय-टू-सीलाच जोडली. एकही पत्ता सापडेना. दोन संध्याकाळी सेन्सरला शिव्या घातल्या, दुसरा मागवायला निघालो होतो. चूक माझी. ही पद्धत एकाच पेटीतल्या चिपांसाठी काढलेली. तारांची धारिता (कपॅसिटन्स, विद्युतभार साठवण्याची क्षमता) ४०० पिकोफॅरडच्या आत हवी. तार लांबली की ती वाढते, आणि पुल-अपला वेळेत तार वर नेता येत नाही.

उपाय उलटा होता. ब्रिजच सेन्सरशेजारी वर नेला, मधे वीतभर तार ठेवली आणि लांबवली ती यूएसबी. साधी यूएसबी केबल ५ मीटरपर्यंत धरा, पुढे रिपीटर, म्हणजे सिग्नल पुन्हा ताजा करून पुढे पाठवणारी चिप, असलेली घ्यावी लागते. आमची तशीच आहे, खांबाला सुतळीने बांधलेली.

मधेच प्रोग्रॅम बंद पडला तर कधी सेन्सर एसडीए खाली धरूनच बसतो आणि काही उत्तर देत नाही. दिवाणजींना तेवढं शिकवून ठेवलंय: केबल उपसायची, दहा आकडे मोजायचे, परत लावायची.