सोलापूरहून येरमाळ्याच्या येडाईला: एका दिवसाची सहकुटुंब यात्रा

सोलापुरातून देवीला जायचे म्हटले की बहुतेकांच्या मनात पहिल्यांदा तुळजापूर येते आणि ते स्वाभाविकच आहे, कारण जेमतेम ४५ किलोमीटरवर आई भवानी बसलेली आहे. परंतु मुलाबाळांसह पायऱ्या चढून, डोंगरमाथ्यावरचे वारे अंगावर घेत दर्शन घ्यायचे असेल, तर धाराशिव जिल्ह्यातील कळंब तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत वसलेल्या येरमाळ्याची येडेश्वरी अधिक योग्य ठरते. भाविक तिला प्रेमाने येडाई म्हणतात आणि तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात. सीतेच्या शोधात फिरणाऱ्या रामाची परीक्षा पाहण्यासाठी पार्वती सीतेचे रूप घेऊन आली, रामाने तिला ओळखले आणि तो म्हणाला, ‘तू वेडी आहेस का, आई?’, त्यावरून हे नाव पडले, अशी लोककथा आहे. तीच कथा ‘तू का, आई?’ असे शब्द घालून तुळजापूरच्या तुकाईसाठीही सांगितली जाते. जाताना मुलांना ती गाडीतच सांगून ठेवावी, म्हणजे वर पोचल्यावर ‘हीच का ती?’ असा प्रश्न आपणहून येतो.

पहिला निर्णय रस्त्याचा. येरमाळा हे गाव सोलापूर-धुळे महामार्गावरच असल्याने तुळजापूर, धाराशिव, येडशी असा चांगला रुंद रस्ता उपलब्ध आहे. तरीही जाताना मी वैराग-बार्शीचा रस्ता सुचवतो. त्यामागचे कारण घरगुती आहे. घरातील वडीलधारी बाई गाडीत असेल, तर ‘आईच्या दारावरून जायचे आणि तोंड न दाखवता जायचे?’ हा प्रश्न तुळजापूरच्या घाटात हमखास निघतो, त्याला कोणाकडेही उत्तर नसते, आणि तेथील रांगेत उभे राहिल्यावर येरमाळ्याच्या पायऱ्या भर दुपारच्या उन्हातच चढाव्या लागतात. बार्शीवरून गेल्यास हा पेच पडत नाही. अंतर दोन्हीकडून शंभर किलोमीटरच्या आतबाहेर आहे आणि वाटेतील चहा धरून अडीच तास हाताशी ठेवावेत.

एसटीने जाणाऱ्यांनी बार्शीपर्यंत एक गाडी आणि पुढे दुसरी, किंवा धाराशिव-बीडकडे जाणारी गाडी, असा विचार करावा. महिलांना मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील प्रवाशांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे, त्यामुळे आजी, आई आणि दोन मुली असे कुटुंब असल्यास भाड्याच्या जीपपेक्षा एसटी कितीतरी स्वस्त पडते. आजींचे आधार कार्ड मात्र त्यांच्या बटव्यात न ठेवता तिकीट काढणाऱ्याच्या खिशात ठेवावे. वाहक समोर उभा असताना बटव्यातून आधी सुपारी, मग अडकित्ता आणि सर्वांत शेवटी कार्ड निघते.

दिवस निवडताना मंगळवार, शुक्रवार आणि पौर्णिमा टाळावी, कारण हे देवीचे वार असल्याने गर्दी मोठी असते. चैत्र पौर्णिमेची यात्रा तर फारच मोठी. तिच्या दुसऱ्या दिवशी पालखीबरोबर चुन्याच्या रानात जाऊन चुनखडीचे खडे वेचण्याचा विधी होतो आणि तो आयुष्यात एकदा तरी पाहावा असाच आहे; पण लहान मूल कडेवर घेऊन पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी तो दिवस निवडू नये. कुळाचार असलेल्या घरांना ही मोकळीक नसते हे मला मान्य आहे. जावळ काढायचे किंवा नव्या सुनेला देवीपुढे न्यायचे, तर तिथी-वार पाहूनच जावे लागते. केवळ दर्शनासाठी आणि सहलीसाठी जाणाऱ्यांना मार्गशीर्ष ते माघ या काळातील एखादा बुधवार किंवा शनिवार सर्वांत सुखाचा.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ. सोलापूरच्या उन्हाची आपल्याला इतकी सवय असते की डोंगरावरचे दगडही तापतात, हे लक्षातच राहत नाही. काही वर्षांपूर्वी वैशाखात आम्ही निवांत न्याहारी करून नऊ वाजता घर सोडले आणि साडेअकराला पायथ्याशी पोचलो. चपला खाली काढल्या आणि पंधरा-वीस पायऱ्या चढेपर्यंत माझ्या आईचे पाय भाजू लागले. मग पंचा पाण्यात भिजवायचा, एका पायरीवर अंथरायचा, तिने त्यावर उभे राहायचे, तो उचलून पुढच्या पायरीवर टाकायचा, अशा रीतीने आम्ही तिला वर नेले. पंचा तीन वेळा वाळला. तिने तक्रार केली नाही, पण परतताना गाडीत ती कोणाशी बोललीही नाही. तेव्हापासून आमचा नियम एकच आहे: पहाटे साडेपाचला घर सोडायचे आणि नऊच्या आत पायथा सोडून वर निघायचे. उन्हाळ्यात जावेच लागले, तर प्रत्येकासाठी जाड सुती मोज्यांचा एक जुना जोड बरोबर घ्यावा.

चढताना घरातील सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला सर्वांत पुढे ठेवावे. तरुण मंडळी पुढे गेली की म्हातारी माणसे त्यांना गाठण्यासाठी धापा टाकतात आणि त्यांनी वेळेवर थांबावे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. दर पंचवीस-तीस पायऱ्यांनंतर उभ्यानेच मिनिटभर दम घ्यावा. फार वेळ बसले की गुडघे आखडतात. खरी कसोटी चढताना नसून उतरताना असते, कारण उतरताना अंगाचा सारा भार गुडघ्यांवर येतो. म्हणून काठी वर जाताना नको वाटली, तरी ती बरोबर असावीच आणि उतरताना आजीच्या एक पायरी खाली, तिच्याकडे तोंड करून नव्हे तर किंचित बाजूला राहून, एका माणसाने चालावे.

ओटीचे साहित्य घरूनच बांधून न्यावे. खण, नारळ, मूठभर तांदूळ, हळदकुंकू, सुपारी, खारीक आणि हिरव्या बांगड्या हे सारे एका पिशवीत सुटे टाकले की पायऱ्यांवर कुंकवाची पुडी फुटते आणि बांगड्या नारळाखाली सापडतात. खणावर आधी तांदूळ पसरून त्यावर नारळ ठेवावा, बांगड्या नारळाच्या शेंडीत अडकवाव्यात आणि मग खणाची चारही टोके एकत्र बांधावीत. हळदकुंकू मात्र लहान झाकणाच्या डबीत वेगळे असावे. बोलून ठेवलेल्या नवसाची वस्तू याच गाठोड्याबरोबर ठेवावी, कारण ती नेमकी घरी राहते.

जेवणासाठी हॉटेल शोधत फिरण्यापेक्षा शिदोरी उत्तम. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे आणि कांदा एवढ्यावर पाच माणसांचे जेवण होते आणि त्यातील काहीही उन्हाने बिघडत नाही. मुलांसाठी दुधात भिजवलेल्या दशम्या कराव्यात. दहीभात नेऊ नये. तो दुपारपर्यंत आंबतो. भाकरी स्टीलच्या डब्यात न कोंबता जुन्या धोतराच्या फडक्यात बांधावी, म्हणजे तिचा कडकपणा टिकतो.

ही शिदोरी डोंगरावर न सोडता खाली उतरून येडशीकडे निघावे आणि रामलिंगला जावे. वीस किलोमीटरच्या आतच अभयारण्याच्या दाट झाडीत, दरीत उतरून गेल्यावर महादेवाचे हे मंदिर लागते. पावसाळ्यात तेथे धबधबाही असतो. सकाळी चढ आणि दुपारी सावली, हा क्रम लहानमोठ्या सगळ्यांना मानवतो. येथील माकडे मात्र फार धीट आहेत. त्यांना पिशवीचा खुळखुळाट कळतो, म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या बाहेर काढू नयेत आणि मुलाच्या हातात केळे देऊन त्याला एकटे सोडू नये. श्रावणी सोमवारी येथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा तो दिवसही वगळावा.

रामलिंगनंतर आणखी एखादे ठिकाण जोडण्याचा मोह होतो; तुळजापूर जवळ, बार्शीचे भगवंत मंदिर वाटेत, मग नळदुर्ग तरी का सोडायचा, असा हिशेब सुरू होतो. माझे स्पष्ट मत आहे की एका दिवसात एकच डोंगर करावा. चार वाजता येडशी सोडल्यास अंधार पडण्याच्या सुमारास सोलापूर गाठता येते. देवीपुढे फोडलेला नारळ गाडीत तसाच राहिला, तर रात्रीपर्यंत त्याला वास येतो. म्हणून घरी पोचताच खोबऱ्याचे तुकडे करून त्यात साखर घालावी आणि शेजारच्या घरी प्रसाद पोचवूनच आजीच्या पायांना कोमट तेल लावायला बसावे.