‘सैराट’मधलं विजोड प्रेम कसं वाचायचं

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ (2016) जवळपास तीन तासांचा आहे. पहिल्यांदा तो न थांबता पाहा. दुसऱ्यांदा रिमोट आणि वही घेऊन बसा. शेवट अजून माहीत नसेल, तर पुढचं नंतर वाचा.

‘श्रीमंत पोरगी, गरीब पोरगा’ हे आधी डोक्यातून काढा. बहुतेकांची गल्लत इथेच होते. पैशाचं अंतर कमाईनं कमी होतं. पाटलाची लेक आर्ची आणि मासेमारी करणाऱ्या पारध्याचा पोरगा परश्या यांच्यातलं अंतर, दोघं पळून गेल्यावर हैदराबादेत हाताला काम मिळालं तरी, तसंच राहतं.

वहीत आर्ची आणि परश्या असे दोन रकाने आखा. प्रत्येक प्रसंगात तीनच गोष्टी टिपा: हुकूम कोण सोडतं, गाडी कुणाची, आणि चूक झाली तर मार कुणाला. सुरुवातीला आर्चीचा रकाना भराभर भरतो. बुलेट तिची, ट्रॅक्टर तिचा, विहिरीवर पोरांना दटावणारी तीच. हा बिनधास्तपणा तिच्या स्वभावातला किती आणि वाड्याच्या जोरावरचा किती, याचं उत्तर लगेच लिहू नका. पोलीस ठाण्यात ती परश्यावरची खोटी तक्रार फाडते, तिथे पुन्हा त्या पानावर या. बापाचं नाव पाठीशी नसतानाही ती तितकीच ठाम आहे.

वर्गातला प्रसंग मात्र थांबवून पाहाच. दलित समाजातले सर शिकवत असतात, आर्चीचा भाऊ प्रिन्स फोनवर बोलत असतो. सरांनी टोकताच तो भर वर्गात त्यांच्या कानाखाली वाजवतो. यात प्रेमकथेचं काही नाही, म्हणून लोक तो पुढे ढकलतात. पण परश्याला पुढे काय भोगावं लागणार, त्याचा हिशेब इथेच मांडलाय: शिकून मास्तर झालात तरी तुमची पायरी प्रिन्स ठरवणार.

गाणी चारही पूर्वार्धात आहेत. ती संपली की रकाने उलटायला लागतात. झोपडपट्टीतला वास, पाणी, संडास आर्चीला सोसत नाही. परश्या डोशाच्या गाडीवर कामाला लागतो. तिला मात्र भाषेपासून स्वयंपाकापर्यंत सगळं पहिल्यापासून शिकावं लागतं. पुढे तो संशय घेतो, तिच्यावर हात टाकतो. ‘हे कशाला दाखवलं?’ असं वाटलं तर चौथी ओळ वाढवा: बाई कोण, पुरुष कोण. जातीनं खालचा असला तरी घरात नवरा वरचाच, आणि हा विजोडपणा गावाने लादलेला नाही.

शेवटी आवाज पूर्ण बंद होतो. टीव्ही बिघडलेला नसतो, व्हॉल्यूम वाढवू नका. त्याआधीची पाच मिनिटं पुन्हा लावा: आईनं पाठवलंय म्हणून आलेल्या वस्तू, पाहुण्यांना केलेला चहा. मग वहीत ‘मार कुणाला’ या ओळीवर दोन्ही रकान्यांत एकच नोंद करावी लागते.

वेळ असेल तर त्याच वहीवर हिंदी ‘धडक’ (2018) तपासा. कथा उदयपूरला नेली आहे आणि जात एखाद-दुसऱ्या उल्लेखापुरती उरली आहे. शेवटी नायिका जिवंत राहते. नवरा आणि मूल जातात. ‘मार कुणाला’ ही ओळ आता कशी भरायची ते ठरवा.