भाजीच्या वाफ्यावर मल्चिंग पेपर अंथरताना

टोमॅटो, मिरची, वांगी, काकडी अशा अंतर सोडून लावायच्या भाज्यांनाच मी मल्चिंग पेपर (माती झाकायचं पातळ प्लास्टिक) वापरते. पालक, कोथिंबीर, गाजर यांच्यासाठी त्याच्या वाटेला जाऊ नका. दाट रोपांसाठी एवढी भोकं पाडायची तर अंथरायचा कशाला?

आधी रंग ठरवा. घरच्या बागेला २५ ते ३० मायक्रॉन जाडीचा चंदेरी-काळा पेपर पुरतो. काळी बाजू मातीकडे, चंदेरी वर. काळ्या बाजूमुळे खाली उजेड पोचत नाही, म्हणून तण वाढत नाही. चंदेरी बाजू ऊन परतवते, त्यामुळे मावा आणि पांढरी माशी या रस शोषणाऱ्या किडी रोपावर कमी उतरतात. पण हे रोपं लहान असेपर्यंतच. पानांनी पेपर झाकला की तो फायदा संपला. नुसता काळा पेपर थंडीत मातीला ऊब देतो, भर उन्हाळ्यात मात्र मुळांना सोसत नाही.

पारदर्शक प्लास्टिक पिकाखाली नकोच, त्याच्याखाली तण मजेत वाढतं. ते वापरायचं रिकाम्या वाफ्यावर. कडक उन्हाळ्यात माती भिजवून त्यावर चार ते सहा आठवडे घट्ट ताणून ठेवा, कडा मातीत गाडा. वरच्या थरातली रोगट बुरशी, सूत्रकृमी (मुळांना लागणारे बारीक किडे) आणि तणाचं बी तापून बरंच कमी होतं.

खरी मेहनत पेपर अंथरण्याआधीची, कारण नंतर खाली हात घालता येत नाही. ढेकळं फोडा, काड्या आणि खडे वेचा (एक टोकदार खडा पुरे, पेपर तिथूनच फाटतो). कुजलेलं शेणखत सगळं आत्ताच मिसळा. लव्हाळ्याचं तण असेल तर गाठींसकट खणून काढा. हा पठ्ठ्या प्लास्टिक भोसकून वर येतो. मग वीतभर उंच गादीवाफा करा, मधोमध ठिबकची नळी टाका आणि पाणी सोडून सगळीकडे ओल पोचते का ते बघा. नळी नसेल तर प्रत्येक भोकात झारीने पाणी घालायची तयारी ठेवा. पाऊस आतपर्यंत नीट मुरत नाही, हे बरेच जण विसरतात.

पेपर सकाळी अंथरा. दुपारच्या उन्हात तो सैलावलेला असतो. तेव्हा ताणून बसवला तर गार झाल्यावर आकसतो आणि कडांना ओढ बसते. दोन्ही कडा दहा-पंधरा सेंटिमीटर मातीत दाबा. सैल राहिला तर वाऱ्याने फडफडून रोपांना झोडपतो.

भोकं पाच-सात सेंटिमीटरची पुरतात. टोमॅटोला दोन भोकांत ४५ ते ६० सेंटिमीटर अंतर ठेवा. रोप संध्याकाळी लावा, देठ प्लास्टिकला टेकू देऊ नका आणि भोकाभोवती मूठभर माती लावा. पेपरखालची गरम हवा भोकातूनच बाहेर पडते आणि कोवळं देठ भाजतं.

पुढे आठवड्यातून एकदा कड उचलून बोटाने ओल तपासा. गोगलगायी दडलेल्या दिसल्या तर तेव्हाच वेचा.

हंगाम संपला की पेपर ठिसूळ व्हायच्या आत, अखंड असतानाच गुंडाळून काढा. तुकडे मातीत राहू देऊ नका आणि जाळू तर मुळीच नका. धड असेल तर धुऊन, सावलीत गुंडाळून ठेवा.