पावसाळ्यात ड्रमच्या डाइकमधलं पाणी रोज काढा

नवी मुंबईच्या पावणे, तुर्भे, महापे या कारखान्यांच्या पट्ट्यात ॲसिडचे ड्रम बऱ्याच ठिकाणी उघड्या शेडखाली असतात. भोवती डाइकची, म्हणजे गळलेलं ॲसिड अडवणाऱ्या बांधाची, भिंत असते, पण जूनपासून तिच्यात पाणी साचतं आणि तिकडे कुणी बघत नाही. साधा हिशोब करा. २ मीटर बाय २ मीटर डाइक, भिंत १५ सेंटीमीटर, म्हणजे ६०० लिटर. १० सेंटीमीटर पाणी साचलं की ४०० लिटर गेले. उरले २००, ड्रमांनी अडवलेली जागा वेगळीच. सर्वांत मोठ्या ड्रमच्या ११० टक्के, म्हणजे २०० लिटरच्या ड्रमला २२० लिटर जागा मोकळी हवी. ड्रम फुटला तर ॲसिड थेट गटारात जाईल.

डाइकमधलं पाणी सोडायचा व्हॉल्व्ह एरवी कायम बंद, कुलूप लावून. सकाळच्या पाळीत पाणी काढण्याआधी त्यात पीएच पेपर, म्हणजे ॲसिड ओळखायचा कागद, बुडवा. कागद लाल झाला तर पाणी ईटीपीकडेच (कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे), आणि कुठला ड्रम पाझरतोय ते लगेच शोधा. बहुतेकदा झाकणाचं गॅस्केट किंवा खालची गंजलेली कड असते.

सांडलेल्या ॲसिडवर टाकायला जवळ कोरडी वाळू आणि सोडा ॲश (धुण्याच्या सोड्याची पूड) ठेवा. नायट्रिक ॲसिडवर लाकडाचा भुसा कधीच टाकू नका, तो पेट घेतो.