कोरड्या मुलखातून ओल्या वाटेवर : मराठवाड्यातून सह्याद्री-कोकणच्या पायी मोहिमेची तयारी

आश्विनी पौर्णिमेला तुळजापूरची वाट तुडवणाऱ्या, किंवा पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर पंढरपूर गाठणाऱ्या माणसाला दिवसाकाठी वीस किलोमीटर चालण्याचे अप्रूप नसते. म्हणूनच मार्गदर्शकासोबत पाच-सहा दिवस डोंगर, जंगल आणि समुद्रकिनारा पायी पाहण्याची मोहीम त्याला सोपी वाटते, आणि तेथेच त्याचा अंदाज चुकतो. या मोहिमेत अंतर फारसे छळत नाही. छळते ती ओल. मराठवाड्यात वर्षाकाठी सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तर आंबोलीच्या घाटमाथ्यावर ७,००० मिलिमीटरहून अधिक. कपडे, अन्न, पाय, घाम आणि साप यांविषयी आपल्याला घरी जे काही ठाऊक असते, त्यातले बरेचसे या फरकामुळे तेथे निरुपयोगी ठरते.

वाट निवडताना दक्षिण सह्याद्रीचा विचार आधी करावा, कारण घनदाट जंगल, गड आणि किनारा इतक्या जवळजवळ क्वचितच सापडतात. कोल्हापूरहून भुदरगड तालुक्यातील पाटगावला जावे. मौनी महाराजांच्या मठाचे हे गाव. तेथून चिक्केवाडीच्या बाजूने रांगणा किल्ला गाठावा, मुक्काम करून दुसऱ्या दिवशी कुडाळ तालुक्यातील नारूरकडे घाट उतरावा आणि वाहनाने भोगवे गाठून निवती, खवणे असे करत वेंगुर्ल्याच्या दिशेने किनाऱ्याने चालावे. हाताशी एक दिवस अधिक असेल, तर तो आंबोलीला द्यावा. येथील जंगलाला काटेकोरपणे वर्षावन म्हणावे का, हा वनस्पतिशास्त्रज्ञांचा प्रश्न आहे. बालाघाटच्या बोडक्या टेकड्यांवर वाढलेल्या डोळ्यांना मात्र भर दुपारी झाडांखाली दाटणारा तो काळोख पुरेसा असतो.

काळ निवडताना जंगल आणि समुद्र यांची गरज परस्परविरुद्ध असते, हे लक्षात ठेवावे. जंगल खरे खुलते ते जुलै-ऑगस्टमध्ये. परंतु त्या दिवसांत ओढे अर्ध्या तासात छातीपर्यंत चढतात आणि समुद्र खवळलेला असतो. दोन्ही एकाच मोहिमेत पाहायचे असतील, तर ऑक्टोबरच्या उत्तरार्धापासून डिसेंबरपर्यंतचा काळ घ्यावा. पाऊस सरलेला असतो, पण झरे आटलेले नसतात.

आयोजक निवडताना छायाचित्रे आणि शुल्क पाहण्याआधी चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी आहे का, जंगलातून जाण्याची व मुक्कामाची वनविभागाची परवानगी कोणाच्या नावाने आणि कोणत्या तारखांसाठी घेतली आहे, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस तुकडीत आहे का, आणि वाटेवरच्या गावातला वाटाड्या सोबत असणार का. माझ्या मते शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. भ्रमणध्वनीवरचा नकाशा दाट झाडीत गुरांची वाट आणि माणसांची वाट सारखीच दाखवतो. त्यांतला फरक तेथे गुरे राखलेल्या माणसालाच कळतो. माझ्या पहिल्या मोहिमेत पैसे वाचवण्यासाठी वाटाड्या घेतला नव्हता, आणि आम्ही एका कारवीच्या रानात तीन तास त्याच घळीभोवती फिरत राहिलो. दर दहा जणांसाठी पुढे एक आणि सर्वांत शेवटी एक, असे दोन जाणते असावेत. शेवटच्या माणसाला कोणीही मागे टाकू नये, हा नियम पहिल्याच दिवशी सर्वांसमोर सांगून घ्यावा.

सरावासाठी निदान सहा आठवडे राखून ठेवावेत. सपाट रस्त्यावरच्या चालण्याने दम वाढतो, पण घाट उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर आणि गुडघ्यांवर येणारा ताण त्याने अंगवळणी पडत नाही. म्हणून चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव अधिक करावा. छत्रपती संभाजीनगरच्या मंडळींना देवगिरी किल्ल्याच्या पायऱ्या आणि कन्नडजवळचे गौताळ्याचे डोंगर आहेत, नांदेडकरांना माहूरगड आहे, धाराशिवकरांना येडशीच्या रामलिंगाचा घाट आहे. पाठीवर आरंभी चार आणि शेवटच्या दोन आठवड्यांत आठ किलो वजन घेऊन या वाटा आठवड्यातून दोनदा चढाव्यात व उतराव्यात. नवे बूट मोहिमेच्या दिवशी प्रथम घालणे म्हणजे फोडांना आमंत्रण देणे होय.

कपड्यांच्या बाबतीत आपली सवय पूर्णपणे उलटी करावी लागते. उन्हाळ्यात आपल्याला आधार देणारे सुती कापड तेथे शत्रू ठरते, कारण ते पाणी धरून ठेवते आणि दमट हवेत दोन दिवस वाळत नाही. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको. चटकन वाळणाऱ्या कृत्रिम धाग्याचे पूर्ण बाह्यांचे दोन सदरे आणि दोन विजारी पुरतात. एक जोड चालण्याचा, रोज घामाने ओला होणारा आणि सकाळी ओलाच पुन्हा चढवायचा. दुसरा केवळ झोपण्याचा, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला. सकाळी थंडगार ओले कपडे अंगावर चढवणे जिवावर येते, आणि नेमक्या त्याच क्षणी बहुतेक जण कोरडा जोड काढून तो वाया घालवतात. पायांनाही हाच नियम लावावा. दिवसभर भिजलेल्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि एकदा त्या झाल्या की पुढचे सर्व दिवस लंगडण्यात जातात. म्हणून मुक्कामी पोचताच पाय धुवून, पुसून, बुरशीरोधक भुकटी लावून रात्रभर कोरडे ठेवावेत.

शिदोरी हा आपला अभिमानाचा विषय असला, तरी येथे तो आवरावा. लातूर-बीडकडे आठवडाभर टिकणाऱ्या कडक भाकरीला घाटाखाली दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बुरशी धरते. धपाटे आणि दशम्या प्रवासात व पहिल्या दिवशी संपवून टाकाव्यात. पुढे शेंगदाण्याची कोरडी चटणी, गूळ, फुटाणे, खजूर हवाबंद डब्यात न्यावेत. ज्वारी तेथे मिळेलच असे नाही. तांदळाची भाकरी आणि भात यांवर पाच दिवस काढण्याची तयारी ठेवावी आणि शाकाहारी असल्यास तसे आयोजकाला आधी कळवावे.

बेचाळीस अंशांत शेतात उभे राहणाऱ्याला कोकणातले बत्तीस अंश किरकोळ वाटतात, परंतु शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे, घाम आल्यामुळे नव्हे. दमट हवेत घाम वाळत नाही, अंगावरून नुसता गळत राहतो, आणि त्यासोबत मीठही जाते. म्हणून तहान लागण्याची वाट न पाहता थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे व दिवसातून एकदा-दोनदा जलसंजीवनी घ्यावी. झऱ्याचे पाणी काचेसारखे दिसले, तरी उकळून किंवा निर्जंतुक करूनच प्यावे.

जळवांची भीती सर्वांना वाटते, पण त्या फारशा अपायकारक नसतात. विजारीचे पाय मोज्यात खोचावेत. त्यावर जळूरोधक लांब मोजे चढवल्यास उत्तम. चिकटलेल्या जळूला ओढू किंवा चटका देऊ नये, नखाने तिचे तोंड हलकेच बाजूला सरकवावे. तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असल्यामुळे जखम बराच वेळ वाहते, त्याने घाबरून जाऊ नये. खरी काळजी गोचिडांची घ्यावी. सिंधुदुर्गात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत; हा रोग गोचिडांमुळे पसरतो आणि हिवाळ्यानंतरच्या महिन्यांत त्याचा जोर असतो. पालापाचोळ्यावर बसू नये, मेलेले माकड दिसल्यास त्याच्याजवळ न जाता गावात खबर द्यावी आणि रोज संध्याकाळी काखा, जांघा व कानांमागची जागा तपासावी.

साप आपल्याकडे जमिनीवर पाहण्याची सवय असते. या जंगलात मलबारी चापडा हा विषारी साप कमरेच्या उंचीवर, फांदीवर निश्चल बसलेला असतो, म्हणून आधारासाठी झुडपाला हात घालण्यापूर्वी तेथे पाहावे. भारतात मिळणारे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावर बेतलेले आहे, चापड्याच्या नव्हे. दंश कोणताही असो. कापणे, चोखणे, आवळून बांधणे टाळावे, तो अवयव हलू न देता माणसाला उचलून न्यावे आणि संपर्क मिळताच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

किनाऱ्यावर उतरल्यावर मात्र मराठवाड्यातल्या माणसाच्या हाती एक जुने साधन असते, ते म्हणजे पंचांग. अमावास्या आणि पौर्णिमेला या किनाऱ्यावर दुपारी आणि मध्यरात्री, साधारण अकरा-बाराच्या सुमारास भरती पूर्ण होते. त्यानंतर रोज ती सुमारे पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून अष्टमीला दुपारी ओहोटी असते. तिथी ठाऊक असणाऱ्याला दिवसाचा अंदाज लगेच बांधता येतो. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची भरती सर्वांत वर चढते आणि खडकाळ टोकांना वळसा घालणाऱ्या वाटा बुडवते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती सौम्य असते. त्यामुळे मोहिमेचे किनाऱ्यावरचे दिवस शक्यतो अष्टमीच्या आसपास येतील असे ठरवावेत आणि खडकांची टोके ओहोटी लागल्यावरच ओलांडावीत. वाळूत चालताना पाण्यालगतचा घट्ट ओला पट्टा धरावा, कारण कोरड्या वाळूत पोटऱ्या लवकर भरून येतात. खाडी पायी पार करण्याचा प्रयत्न कधीही करू नये, होडी विचारावी. विहिरीत सूर मारणाऱ्याने आपले पोहणे समुद्रावर आजमावू नये. विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यात समुद्री कासवे अंडी घालायला येतात, तेव्हा रात्री तेथे विजेरी घेऊन फिरू नये.

परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर गावातल्या डॉक्टरांना सिंधुदुर्गच्या जंगलात गेल्याचे, गोचीड चावल्याचे आणि चिखल-पाण्यातून चालल्याचे आपण होऊन सांगावे. माकडताप किंवा दूषित चिखल-पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस आपल्या भागातल्या डॉक्टरांच्या मनात सहसा पहिल्यांदा येत नाही, आणि उपचाराच्या दृष्टीने पहिले काही दिवस महत्त्वाचे असतात.