फर्निचरवर मुलांनी मार्कर मारलाय? आधी पॉलिश कसलं ते बघा, मग कापूस हातात घ्या

गेल्या जुलैत जोराच्या पावसामुळे शाळेला सुट्टी मिळाली आणि त्या दुपारी आमच्या चार वर्षांच्या धाकट्यानं सागवानी कपाटाच्या दारावर काळ्या परमनंट मार्करनं अख्खी लोकल काढली, डबे, खिडक्या, वरच्या तारा सगळं. हे कपाट सासऱ्यांनी ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या घरात सुताराला घरी बसवून करून घेतलेलं, नवी मुंबईत ऐरोलीला आलो तेव्हा जुन्यातलं तेवढं एकच सोबत आणलं. मी काय केलं, तर कोरोनाच्या वेळची सॅनिटायझरची बाटली शिल्लक होती ती घेतली, कापसावर भरपूर ओतलं आणि घासायला लागले, कारण आदल्याच आठवड्यात त्याच्या स्टडी टेबलावरचा मार्कर याच बाटलीनं दोन मिनिटांत गेला होता. इथेही मार्कर गेला. पण सोबत पॉलिशही आलं. कापूस तपकिरी, दार चिकट, आणि वाळल्यावर तिथे तळहाताएवढा पांढरट डाग, जो लोकलपेक्षा जास्त डोळ्यात येत होता. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, नुसत्या त्या जागेवरून हात फिरवत राहिल्या, ते मला जास्त लागलं.

म्हणून हे सविस्तर लिहितेय. मार्करचे डाग काढायचे उपाय शोधले की स्पिरिट लावा, टूथपेस्ट लावा, नेलपॉलिश रिमूव्हर लावा असं सगळं मिळतं, पण कशावर लावा ते कोणी धड सांगत नाही, आणि खरी गोष्ट तीच आहे. डाग कसला आहे हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, त्याच्याखाली काय आहे.

आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये बहुतेक फर्निचर प्लायवर सनमायका चिकटवलेलं असतं. सनमायका ओळखणं सोपं, कडेला बघा, जिथे दोन पत्रे मिळतात तिथे बारीक काळपट तपकिरी रेघ दिसते, आणि लाकडाचं डिझाईन थोड्या थोड्या अंतरावर परत तेच येतं, खऱ्या लाकडात तसं कधी होत नाही. दुसरा प्रकार खरं लाकूड किंवा व्हिनियर (प्लायवर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पातळ थर) आणि वर मेलामाइन किंवा पीयू म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, हे गेल्या वीसेक वर्षांतल्या बऱ्याच बेड, डायनिंग टेबलांवर सापडेल, बोट फिरवलं की काचेसारखा पातळ थर जाणवतो. तिसरा प्रकार जुन्या फर्निचरचा, फ्रेंच पॉलिश म्हणजे चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या पुरचुंडीनं हातानं लावलेलं. आता बघा, जी वस्तू मुळात स्पिरिटमध्ये विरघळवूनच लावलीये तिच्यावर तुम्ही परत स्पिरिट चोळलंत तर ती परत विरघळणारच, आणि स्पिरिट म्हणजे अल्कोहोल, सॅनिटायझरमध्येही साधारण ६० ते ७० टक्के तेच असतं. हे मला आधी कळलं असतं तर कपाट वाचलं असतं.

ओळखू येत नसेल तर एक टेस्ट करा, डाग कितीही बोचत असला तरी ही पाच मिनिटं द्या. दाराच्या आतल्या बाजूला किंवा टेबलाच्या पायाच्या मागे, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे इअरबडवर स्पिरिटचा एक थेंब घेऊन टेकवा, दहा सेकंद थांबा आणि हलकेच पुसा. बड तपकिरी झाला किंवा जागा चिकट लागली तर चपडा समजा (लॅकर नावाचं पॉलिश असलं तरी थोडं मऊ पडू शकतं, त्यालाही चपड्यासारखंच जपा). काहीच झालं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा सनमायका. आणि साध्या पाण्याचा थेंब टाकल्यावर तो आत शोषला जाऊन लाकूड गडद दिसायला लागलं तर वर पॉलिशचा थरच नाहीये, लाकूड उघडं आहे, त्याचं मी शेवटी सांगते.

आता शाई. मुलांचे साधे स्केचपेन पाण्याच्या शाईचे असतात, वॉशेबल लिहिलेले तर नक्कीच, ते ओल्या कपड्यानं आणि भांड्याच्या लिक्विडच्या एका थेंबानं बहुतेक वेळा निघतात, तिथे स्पिरिट काढायची गरजच नाही. परमनंट मार्करची शाई अल्कोहोलमध्ये मिसळलेली असते आणि त्यात रेझिन असतं जे वाळल्यावर घट्ट चिकटून बसतं, म्हणून पाण्यानं ती हलत नाही. बॉलपेनची शाई तेलकट. क्रेयॉन म्हणजे मेण. चपडा आणि उघडं लाकूड सोडलं (त्यांचं पुढे सांगते) तर सुरुवात मात्र सगळ्यात सारखीच करा, ओलं फडकं घट्ट पिळून, साबणाचा एक थेंब, मग दुसऱ्या ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. पाणी ओतायचं नाही, प्लायच्या किंवा एमडीएफच्या (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्यांच्या) सांध्यात पाणी गेलं की ते फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. निम्मे डाग इथेच संपतात, खरंच, पण आपल्याला धीर नसतो.

सनमायकावर परमनंट मार्कर असेल तर घाबरू नका, सगळ्यात सोपं काम ते. मेडिकलमधून सर्जिकल स्पिरिट आणा (आयसोप्रोपिल अल्कोहोलही चालतं), जुन्या सुती बनियनच्या तुकड्यावर थोडं घ्या, डागाच्या बाहेरून आत या म्हणजे शाई पसरत नाही, आणि प्रत्येक पुसण्याला कापडाची नवीन बाजू घ्या, नाहीतर काढलेली शाई तुम्हीच परत लावत बसता. मॅट किंवा खरबरीत सनमायकात शाई बारीक खळग्यात जाऊन बसते, तिथे मऊ टूथब्रश स्पिरिटमध्ये बुडवून गोल गोल फिरवा. घरात स्पिरिट नसेल आणि व्हाइटबोर्ड मार्कर असेल तर तोही चालतो, परमनंटच्या रेघेवर व्हाइटबोर्ड मार्करनं नीट गिरवा आणि लगेच पुसा. कारण त्याच्याही शाईत अल्कोहोल असतं, ते जुनी शाई परत ओली करतं, आणि त्यात शाई चिकटू नये म्हणून एक घटक असतो त्यामुळे दोन्ही एकत्र पुसून निघतात. ही युक्ती चपड्यावर करू नका, कारण तेच, अल्कोहोल.

नेलपॉलिश रिमूव्हर मी कुठेच सुचवणार नाही. ॲसिटोन सनमायकाच्या पत्र्याला लगेच काही करत नसेल, पण कडेची प्लॅस्टिकची पट्टी त्यानं मऊ पडते, हायग्लॉस ॲक्रिलिकच्या शटरवर तर ढग आल्यासारखं होतं आणि ते कायमचं. मुलांच्या खोलीतल्या पांढऱ्या ड्युकोच्या, म्हणजे फवारून रंगवलेल्या, बेडवर लावलंत तर रंगच उचलला जाईल. थिनरचंही तसंच.

मेलामाइन आणि पीयूवर स्पिरिट चालतं, पण हात हलका आणि वेळ कमी. कापड ओलं, भिजलेलं नको. पुसा, पाण्याच्या फडक्यानं लगेच पुसून घ्या, वाळू द्या, बघा, मग पुन्हा. एकाच जागी ओला कापूस ठेवून फोन घ्यायला गेलात असं होऊ देऊ नका. दिशा नेहमी लाकडाच्या रेषा जिकडे जातात तिकडेच. एवढं करून फिकट सावली राहिली तर पांढरी टूथपेस्ट, जेलवाली नाही, मटारएवढी बोटावर घेऊन हळू चोळा. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारी पूड असते, ती शाईसोबत पॉलिशचा केसाएवढा थरही नेते, त्यामुळे चकचकीत पॉलिशवर ती जागा थोडी मंद दिसू शकते. किराणा दुकानात किंवा ऑनलाइन जे पांढरे मॅजिक स्पंज मिळतात तेही असंच घासूनच काम करतात, फक्त ते फोमचे दिसतात म्हणून निरुपद्रवी वाटतात.

आता चपडा, ज्याच्यासाठी मी एवढं लिहायला बसले. इथे उलट क्रम, तेलापासून सुरू. खोबरेल तेलाचे दोन थेंब डागावर लावून दहा मिनिटं ठेवा, मऊ कापडानं पुसा. बॉलपेन आणि क्रेयॉन बऱ्यापैकी सैल होतात, ते राहिलेच तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन कापडावर थोडंसं घ्या, टर्पेंटाइननं लाख विरघळत नाही. क्रेयॉनचा जाड थर असेल तर आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फ घेऊन टेकवा, मेण कडक झालं की जुन्या एटीएम कार्डच्या कडेनं अलगद खरवडा, हेअर ड्रायर मात्र चपड्यावर नको, उष्णतेनं लाख मऊ होते. परमनंट मार्करला खोबरेल तेलात किंचित खायचा सोडा कालवून ती पेस्ट बोटाच्या टोकानं, फक्त रेघेवर, रेषेच्या दिशेनं फिरवा, आणि दर अर्ध्या मिनिटाला पुसून बघा. शाई फिकी झाली पण पूर्ण गेली नाही तर तिथेच थांबा. मी मनापासून सांगते, फिकी रेघ सोबत ठेवून जगता येतं, पॉलिश गेलेली जागा येता जाता डोळ्यात खुपते.

उघड्या लाकडाचं, म्हणजे पाट, चौरंग, बिनपॉलिशचं स्टूल, यांचं वेगळं. तिथे शाई लाकडाच्या आत उतरते, पुसून काही होत नाही. आधी १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, मग ३२०, रेषेच्या दिशेनं, आणि शेवटी तेलाचा हात. भरीव लाकूड असेल तरच हे करा. व्हिनियरवर चुकूनही नको, तो खऱ्या लाकडाचा थर बऱ्याचदा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, दोन मिनिटांत खालचा प्लाय दिसायला लागेल.

सेफ्टीचं आधी लिहायला हवं होतं पण निदान इथे नीट वाचा. स्पिरिट पेट घेतं आणि त्याची वाफही पेट घेते. गॅस बंद, खिडक्या उघड्या, देवघरातला दिवा शांत झाल्यावरच काम काढा. रंगाच्या दुकानातलं पॉलिशचं स्पिरिट विषारी असतं, ते पाण्याच्या बाटलीत कधी ओतून ठेवू नका, मुलं आणि म्हातारी माणसं दोघांनाही कळत नाही. हातात ग्लोव्हज घाला. ब्लीच आणि स्पिरिट एकत्र तर मुळीच करू नका, त्यातून घातक वायू निघतात. आणि ज्यानं रेघोट्या मारल्या त्याला त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा. आमच्याकडे मदत करायला म्हणून तो ओल्या जागेवर हात ठेवतो आणि मग सगळीकडे पाचही बोटं उमटतात.

आमच्या कपाटाचं पुढे काय झालं तेही सांगते, कारण बऱ्याच जणींना वाटतं आता अख्खं कपाट खरवडून नव्यानं पॉलिश करावं लागणार. दोन पॉलिशवाल्यांना फोटो पाठवले. एकानं पूर्ण कपाटाचं सांगितलं, दुसरे काका घरी आले, बोट लावून बघितलं आणि म्हणाले, "ताई, एवढ्या जागेचंच होईल, पण आत्ता नाही, पावसात चपडा पांढरा मारतो." नंतर त्यांनी समजावलं, स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली ओल त्यावर धरते आणि ती थरात अडकून पॉलिश पांढरट दिसतं. खाडीच्या बाजूच्या आपल्या हवेत जुलै ऑगस्टला तर विचारूच नका. मी लावलेल्या सॅनिटायझरमध्ये पाणी होतंच, म्हणून तो डागही पांढरा पडला होता.

दसऱ्यानंतर ते आले. बारीक पेपरनं जागा हलकी साफ केली, पातळ चपड्यात थोडा रंग मिसळून आजूबाजूशी जुळवला आणि कापसाच्या पुरचुंडीनं एकावर एक हात मारले, मध्ये वाळू देत. चपड्याचं हे सुख आहे, नवीन थर जुन्या थरात विरघळून एक होतो, म्हणून ठिगळ दिसत नाही. पीयूचं असं होत नाही, त्याला बऱ्याचदा पूर्ण पॅनल करावं लागतं. तुम्ही बोलावलंत तर फोनवरच सांगा की जुनं फ्रेंच पॉलिश आहे, फक्त एवढीच जागा करायची आहे आणि वर मेलामाइन मारायचं नाही, नाहीतर काही जण लवकर होतं म्हणून तेच मारून जातात आणि मग त्या जागेचा चकाकता चौकोन वेगळा दिसतो.

काम झाल्यावर दोन दिवस पंखा सुरू ठेवा, दार टेकवून बंद करू नका, त्याला कपडे अडकवू नका. महिनाभर तरी त्या जागी ओलं फडकं नको, कोरड्या मलमलनं धूळ झटका. आमचे परमनंट मार्कर आता माळ्यावरच्या डब्यात आहेत, खाली फक्त वॉशेबल स्केचपेन, आणि कपाटाच्या शेजारच्या भिंतीवर त्याच्या उंचीला सहज निघणाऱ्या टेपनं ब्राऊन पेपर लावलाय, भरला की सासूबाई स्वतः बदलतात.